१४० आणि ११० : आपल्या दोन सिग्नलचं गणित

(सोसायट्यांच्या संयुक्त बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? पंखा जरा कमी केला तरी चालेल. रविवारची संध्याकाळ सोडून तुम्ही एवढे सगळे जण एका सिग्नलसाठी आलात, खरंच बरं वाटलं, कारण मागच्या वेळी आपण सात जण होतो आणि त्यातले दोघं वॉचमन होते.

आपल्या रस्त्याला काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. संध्याकाळी साडेसहानंतर मेडिकलच्या कोपऱ्यापासून बँकेच्या चौकापर्यंत यायचं म्हणजे अंतर जेमतेम ४०० मीटर, पायी पाच मिनिटं, आणि गाडीने कधी तीन मिनिटं तर कधी पंधरा. पुण्याचं नाव तर जगात गेलंच आहे, टॉमटॉम या शहरांची वाहतूक मोजणाऱ्या कंपनीच्या २०२४ च्या यादीत दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागतात म्हणून आपलं शहर जगात चौथं होतं. पण ते अख्ख्या शहराचं झालं, तो आकडा घेऊन आपण कुणाकडे गेलो तर समोरचा माणूस म्हणणार की हो साहेब, सगळीकडेच आहे. आपल्याला आपल्या ४०० मीटरचं बोलायचंय.

गेल्या वर्षी आपण निवेदन दिलं होतं. त्यात काय लिहिलं होतं? 'आमच्या बाजूचा हिरवा दिवा वाढवून मिळावा.' त्याच महिन्यात पलीकडच्या रस्त्यावरच्या सोसायट्यांनीपण निवेदन दिलं, त्यांचीही तीच मागणी, आमचा हिरवा वाढवा. आता तिथे बसलेल्या माणसाने काय करायचं? एका चौकात चार बाजू, प्रत्येकाला वाढवून दिलं तर सगळ्यांचाच लाल वाढतो. आणि झालंही तसंच, मेडिकलच्या कोपऱ्यावरच्या सिग्नलचं एक पूर्ण चक्र, म्हणजे आपला हिरवा लागल्यापासून परत आपला हिरवा लागेपर्यंतचा वेळ, ज्याला तिथले लोक सायकल टाइम म्हणतात, तो वाढत वाढत १४० सेकंदांवर गेला. तक्रार करून आपण आपलीच रांग लांबवून घेतली हे मला फार लागलं, आणि मग मी यात शिरले.

मी काही ट्रॅफिक इंजिनिअर नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे आकडे दिसले की सोडवत नाही. आधी लांब चक्राचं बघू, कारण प्रत्येकाला वाटतं की चक्र लांब केलं की जास्त गाड्या जाणार. अर्धं खरं आहे ते. सिग्नल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो तेव्हा पिवळा, मग सगळीकडे लाल, मग पुढची पहिली रिक्षा गिअर टाकून हलेपर्यंत चारेक सेकंद कुणाच्याच उपयोगाचे नसतात. चार बाजू म्हणजे एका चक्रात १६ सेकंद वाया. चक्र ६० सेकंदांचं ठेवलं तर तासात साठ चक्रं, १६ मिनिटं वाया. १२० चं केलं तर तीस चक्रं, ८ मिनिटं. म्हणजे फायदा आहे. पण १८० चं करा, वाया जातात ५ मिनिटं २० सेकंद, तासाला जेमतेम पावणेतीन मिनिटं वाचली आणि त्यासाठी प्रत्येक माणसाला लाल दिव्यावर कितीतरी जास्त उभं केलं. वेब्स्टर म्हणून एक इंग्रज संशोधक होते, त्यांनी १९५८ साली याचंच सूत्र मांडलं, वाया जाणारा वेळ किती आणि चारी बाजूंची गर्दी किती यावरून योग्य चक्र काढायचं, आजही इंजिनिअरिंगच्या मुलांना ते शिकवतात. सांगायचा मुद्दा एवढाच की चक्र जितकं लांब तितकं चांगलं असं गणित म्हणत नाही.

लांब चक्राचा अजून एक त्रास, जो आपल्याला रोज दिसतो पण कुणी जोडून बघत नाही. लाल जितका लांब तितकी रांग लांब, ती रांग मागे सरकत सरकत दूध डेअरीच्या गल्लीचं तोंड बंद करते, मग गल्लीतून उजवीकडे वळणारा आडवा घुसतो, समोरून येणारा अडकतो, आणि हिरवा लागला तरी गाठ सुटत नाही. दिवा हिरवा आणि गाड्या जागच्या जागी. तेव्हा हिरवा वाढवून काय होणार?

आता मुख्य गोष्ट. मार्चमध्ये एका मंगळवारी संध्याकाळी आम्ही तिघं उभं राहायचं ठरवलं. मी मेडिकलच्या कोपऱ्यावर, सी विंगच्या वहिनी बँकेच्या चौकात चहाच्या टपरीशेजारी, आणि त्यांचा मुलगा मधे दुचाकीवर. दोघींनी फोन चालू ठेवला, माझा हिरवा लागला की मी 'हिरवा' म्हणायचं, त्यांचा लागला की त्यांनी, आणि वहीत वेळ लिहायची. पहिली दहा मिनिटं काहीच कळेना. टपरीवाले काका वहिनींना विचारत होते की ताई कुणाची वाट बघताय. मग वहीत आकडे उतरायला लागले आणि वहिनी म्हणाल्या, अहो मॅडम, तुमचा १४० सेकंदांनी लागतोय आणि माझा ११० नी!

मला उभ्या उभ्या काटा आला, कारण या एका वाक्यात आपलं सगळं दुखणं आहे. बघा, लसावि काढा. १४० आणि ११० यांचा लसावि १५४०. म्हणजे १५४० सेकंदांनी, साधारण पावणेसव्वीस मिनिटांनी, दोन्ही सिग्नल परत त्याच जुळणीवर येतात, आणि मधल्या सगळ्या वेळात ते एकमेकांपासून सरकत राहतात. तेवढ्या वेळात माझ्या सिग्नलवरून अकरा वेळा गाड्यांचा जथा सुटतो. तो जथा ताशी ३० च्या वेगाने ४०० मीटर जायला घेतो ४८ सेकंद. पुढचा हिरवा आहे ४० सेकंदांचा, ११० च्या चक्रात. हिशेब केला तर अकरापैकी साधारण चार जथ्यांना पुढे हिरवा मिळतो, बाकी सात जाऊन लाल दिव्यावर आदळतात. म्हणून तुम्ही म्हणता ना, काल तीन मिनिटांत आलो आणि आज पंधरा लागली, आज नशीबच खराब. त्यात नशिबाचं काही नाही हो, तुम्ही त्या अकरातल्या कितव्या जथ्यात सापडलात एवढाच प्रश्न आहे.

दोन्ही सिग्नलचं चक्र एकसारखं करा, आणि दुसऱ्याचा हिरवा पहिल्यानंतर ४८ सेकंदांनी लावा. बस. याला ऑफसेट म्हणतात, आणि असं जुळवलेलं असलं की एका हिरव्यावर सुटलेला माणूस पुढच्या हिरव्यावर पोहोचतो. यात रस्ता खोदायचा नाही, झाड तोडायचं नाही, कुणाची जागा घ्यायची नाही. आपल्या गावाला पुलांचं केवढं वेड आहे बघा, विद्यापीठ चौकातला पूल बांधला आणि २०२० साली मेट्रोसाठी पाडला, चांदणी चौकातला जुना २०२२ ला पाडून नवीन २०२३ ला सुरू केला, मी म्हणत नाही की ते चुकीचं, काही ठिकाणी लागतंच. पण पुलासाठी आपण वर्षानुवर्षं धूळ खातो आणि सिग्नलच्या पेटीतले दोन आकडे बदलायला कुणी जात नाही, हे मला सहन होत नाही.

कुणीतरी विचारणार म्हणून आधीच सांगते, एका दिशेला जुळवलं तर उलट दिशेला बिघडणार नाही का? बिघडू शकतं. मी कागदावर मांडून बघितलं. जायला ४८ सेकंद, यायला ४८ सेकंद, म्हणजे चक्र जर ९६ च्या आसपास असेल तर दोन्हीकडून जुळतं. ९६ मध्ये चारी बाजूंची गर्दी मावते का ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही, नाही मावली तर सकाळी शहराकडे जाणाऱ्यांसाठी जुळवा आणि संध्याकाळी घरी येणाऱ्यांसाठी. वेळेप्रमाणे वेगवेगळे प्लॅन त्या पेटीत भरता येतात. आपल्याकडे सकाळी सातला शाळेच्या बसचा वेळ, दुपारी अडीचचा मोकळा रस्ता आणि संध्याकाळी सातची गर्दी, तिन्हीला एकच वेळापत्रक चालू आहे. दुपारी अडीचला रिकाम्या चौकात १४० सेकंदांचं चक्र कशाला? म्हणून तर लोक सिग्नल तोडतात.

आणि दोन अडचणी आहेत त्यापण समजून घ्या. एक म्हणजे लाइट गेली की सिग्नल बंद, परत आल्यावर पेटी स्वतःच्या हिशेबाने नव्याने सुरू होते, त्या पेटीचं घड्याळ बरोबर नसेल तर जुळवलेलं सगळं विस्कटतं. त्यामुळे नुसती वेळ बदलून द्या म्हणू नका, दोन्ही पेट्यांची घड्याळं एकमेकांशी जुळलेली राहतील अशी सोय मागा. दुसरं, फार गर्दी झाली की चौकातले हवालदार सिग्नल हातावर घेतात. त्या माणसाबद्दल मला आदरच आहे, संध्याकाळचे चार तास धुरात उभं राहणं सोपं नाही. पण हातावर घेतला की समोर दिसणारी रांग संपेपर्यंत सोडावंसं वाटतं, पलीकडच्या चौकाचं काय झालं ते त्यांना दिसत नाही. वेळा नीट असतील तर त्यांना हात लावायची गरजच कमी पडेल.

आता गाड्या बाजूला ठेवा. त्या मंगळवारी मी उभी होते तेव्हा एक आजी भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. नऊवारी, हातात काठी नाही पण चाल हळू. हिरवा माणूस लागल्या लागल्या निघाल्या, डिव्हायडरपर्यंत पोहोचल्या आणि समोरून गाड्या सुटल्या. तिथे डिव्हायडरवर उभं राहायला फूटभर जागा. एका हाताने दिव्याचा खांब धरलेला, दुसऱ्या हातात पिशवी, आणि दोन्ही बाजूंनी गाड्या. पुढचा हिरवा येईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. मी घड्याळाकडे बघत होते, दोन मिनिटांच्या वर झाले. शेवटी त्यांनी पिशवीतली मेथीची जुडी खाली पडलेली उचलली नाही, वाकता येईना. मी पलीकडे जाऊन हात धरला तोवर ती जुडी बसखाली गेली होती.

आपला रस्ता डिव्हायडर धरून साधारण २४ मीटर रुंद आहे, मी टेपने मोजलाय. सिग्नल बसवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरायची पद्धत आहे, म्हणजे २० सेकंद हवेत. आजींसारखी व्यक्ती ०.८ ने चालते असं धरा, ३० सेकंद झाले. आपल्याकडे हिरवा माणूस किती वेळ असतो? आम्ही मोजला, १२. म्हणजे धडधाकट माणूससुद्धा चालत पूर्ण रस्ता ओलांडू शकत नाही, पळावंच लागतं. लंडनला १८६८ साली पहिला सिग्नल लावला ना, गॅसच्या दिव्याचा, संसद भवनाबाहेर, तो लावण्यामागे पायी रस्ता ओलांडणाऱ्यांचीच काळजी होती. थोड्याच दिवसांत गॅसचा स्फोट होऊन बंद पडला ते सोडा. पण सुरुवात चालणाऱ्या माणसापासून झाली आणि आपल्या चौकात त्यालाच शेवटचे उरलेले १२ सेकंद मिळतात. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे, आपल्या निवेदनात पहिली मागणी पायी चालणाऱ्यांची जाईल, गाड्यांची दुसरी. काही जणांना पटणार नाही, मागच्या मीटिंगमध्येपण वाद झाला, पण मी यावर मागे हटणार नाही.

ऑफिसांचं थोडक्यात सांगते. खांब, दिवे, केबल बघणारं खातं वेगळं आणि वेळा ठरवणारं वेगळं. आम्ही एकीकडे गेलो की दुसरीकडे जा म्हणायचे, असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी आम्ही ती वही नेली. तिथले एक साहेब आधी उभ्या उभ्याच बोलत होते, १४० आणि ११० बघितल्यावर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, मॅडम, हे एकाच दिवसाचं आहे, मला कामाचे तीन दिवस आणि एक शनिवार द्या, सकाळ-संध्याकाळ, आणि वळणाऱ्या गाड्या वेगळ्या मोजून द्या. नाही म्हणाले नाहीत. लेखी काही दिलं नाही, पण काय लागेल ते सांगितलं, मला ते पुष्कळ आहे. लेखी मागायचं तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, दोन्ही चौकांचं मंजूर वेळापत्रक आणि ते शेवटचं कधी बदललं एवढंच विचारलंय. मला वाटतं समोरचे दोन टॉवर आणि शाळा झाली त्याच्या आधीचं असणार ते.

तर मोजणी. मंगळवार, बुधवार, गुरुवार आणि शनिवार. सकाळी साडेआठ ते साडेदहा, संध्याकाळी सहा ते आठ. एका चौकाच्या प्रत्येक बाजूला दोघं, एकाने सरळ जाणाऱ्या मोजायच्या, दुसऱ्याने वळणाऱ्या. दुचाकी, रिक्षा-कार आणि बस-ट्रक असे तीन रकाने, कारण बसला जागा दोन-तीन कारएवढी लागते आणि दुचाकीला कमी, सगळं एकत्र मोजलं तर उपयोग नाही. दर पंधरा मिनिटांनी रेघ मारायची. प्रत्येक हिरवा संपताना मागे रांग उरली का, हो किंवा नाही, हे विसरू नका, ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. कॉलेजच्या मुलांनी सांगितलंय की गॅलरीतून व्हिडिओ काढून नंतर मोजू, चालेल, फक्त झाडाआडून डावं वळण दिसत नाही म्हणून तिथे माणूस हवाच. मला दोन चौक, आठ बाजू, सोळा माणसं एका पाळीला लागणार आहेत. आत्तापर्यंत अकरा नावं आलीत, ए विंगच्या काकांनी गुडघा दुखत असून खुर्ची टाकून बसतो म्हणून नाव दिलंय.

पाच कमी आहेत. गुरुवारी संध्याकाळी मेडिकलच्या कोपऱ्यावर तर एकही नाही. वही इथेच टेबलावर ठेवते, पेन बांधलेलं आहे, जाताना नाव आणि विंग लिहून जा.