कासवाच्या पायरीखालचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

पुरंदर तालुक्यात आमच्या मळ्यात आजोबांनी बांधलेली विहीर आहे. आत उतरायला दगडी पायऱ्या, आणि त्यातल्या एकीवर कोरलेलं कासव. चैतात पाणी कासवाला लागलं की आजोबा मोट सोडायचे. त्याखालचं पाणी माणसांचं नि गुरांचं. डोळ्यांदेखत मिरची माना टाकायची, पण बैल पुन्हा जुंपले जायचे नाहीत.

पुढे विजेची मोटार आली आणि कासव कधी उघडं पडलं ते कुणी पाहिलंही नाही. मग बोअर. रात्रभर गाडी घरघरत होती, करडा फुफाटा उडत होता. ४२० फुटांवर चिखल उसळला तेव्हा आम्ही नारळ फोडला. हे पाणी कुणाच्या वाट्याचं, हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नाही. याची मला आजही खंत वाटते.

आपला बराचसा महाराष्ट्र काळ्या कातळावर बसला आहे. वरचा मुरूम पावसाळ्यात भरतो, तेच पाणी विहिरीला येतं. खोल कातळात पाणी राहतं ते फक्त भेगांत, आणि तिथवर झिरपायला वर्षानुवर्षं लागतात. विहिरीतून आपण यंदाचा पाऊस उपसतो, खोल बोअरमधून साठवण. म्हणून तर राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानं शेती-उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल जायला मनाई केली. तरी गाड्या फिरतातच.

‘जमीन माझी, तर खालचं पाणीही माझं.’ १८८२ च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्यानंही हेच मानलं. पण पाणी बांध ओळखत नाही. मी उपसलं की शेजाऱ्याचा झरा आटतो, आणि जो अजून जन्मालाच आला नाही त्याचाही. शेजारी निदान भांडायला तरी येतो.

याच तालुक्यात, नायगावात, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणसावर वाटायचं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच. भूमिहीनालाही हक्क. ऊस लावायचा नाही. आणि मला सर्वांत मोलाचा वाटतो तो नियम म्हणजे, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. पाणी विकायची वस्तूच नाही, असं त्या माणसांनी आपसांत ठरवलं होतं. हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर बंद केली आणि दरवर्षी पावसाचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, त्यामागेही हीच समज आहे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही शेतातलं पावसाचं पाणी खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून विहिरीत सोडलं. बोअर आता फक्त पिण्यापुरती. यंदा होळीला कासव पाण्याखाली होतं. चैत सरता सरता ते उघडं पडलं, त्या संध्याकाळी मुलानं मोटारीची वायर काढून घरात आणून ठेवली. कांद्याचे दोन वाफे वाळले.