फ्लाय-फिशिंगचा पहिला रॉड घेण्याआधी : तीर्थनच्या काठावर

(दृश्य : ड्रोनमधून नदी, दोन्ही बाजूंना देवदार)

हिमाचलमधली ही तीर्थन. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या उंच भागातून निघते आणि लारजीला बियासला मिळते. तिथपर्यंत तिच्या वाटेत एकही मोठं धरण नाही. म्हणून तर पाणी असं दिसतं.

(दृश्य : पाण्याखालचा कॅमेरा, दगडाआड स्थिर उभा मासा)

आणि म्हणून हाही दिसतो. ब्राउन ट्राउट. प्रवाहाशी झगडत बसणं त्याला परवडत नाही. दगडाआड, जिथे पाण्याचा जोर मोडतो, तिथे तो उभा राहतो आणि शेजारच्या धारेतून वाहत येणारं खाणं टिपतो.

मासा मूळचा इथला नव्हे. १९०९च्या सुमारास जी. सी. एल. हॉवेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने तो कुल्लू खोऱ्यात आणला. इथल्या मूळच्या स्नो ट्राउटला त्याची झळ बसली, तीही थोडीथोडकी नाही.

(दृश्य : हातात ओला दगड, खाली चिकटलेल्या अळ्या)

ट्राउटला काय हवं, ते या दगडाखाली आहे. मेफ्लाय या कीटकाच्या अळ्या. कॅडिस या दुसऱ्या कीटकाच्या अळ्या, वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणाऱ्या. यांची नक्कल पिसं आणि केस गुंडाळून बारीक गळावर करायची, ती झाली ‘फ्लाय’. आपण माशीच म्हणू.

(दृश्य : कुरणात सराव, संथ गती. लाईनचा वळसा हवेत उलगडतो)

आता हे नीट बघा. पाणी नाही, मासा नाही, टोकाला गळसुद्धा नाही. लोकरीचा एक तुकडा बांधलाय.

कोकणात गरवणाऱ्या माणसाला हा प्रकार आधी विचित्रच वाटेल. तिथे गरीजवळ शिसं असतं. शिसं झोकलं की दोरी त्याच्या मागे जाते. इथे माशीला वजनच नाही, ती झोकणार कशी? झोकायची असते ती लाईन. ही जाड, पिवळी, आसुडासारखी उलगडत जाणारी. माशी तिच्या शेपटाला धरून जाते.

(दृश्य : तेच पुन्हा, बाजूने)

मागे नेताना रॉड थांबला. लाईन मागे पूर्ण सरळ होऊ दिली. तिच्या ओढीने रॉड वाकला, आणि तोच ताण पुढच्या झोकात सुटला. मागचा तो थांबा खाल्ला, की सगळी लाईन डोक्यावर येऊन पडते.

(दृश्य : तीच लाईन टोपीवर, खांद्यावर)

अशी.

एवढं डोळ्यांनी पाहिलं, की पैसे कुठे घालायचे ते वेगळं सांगावं लागत नाही. लाईनमध्ये. दुकानात मात्र हात आधी जातो चकचकीत रीलकडे. तयार संचांतही काटकसर बहुधा लाईनवरच केलेली असते, कारण ती खोक्यात गुंडाळलेली असते आणि उघडून कोणी पाहत नाही. स्वस्त लाईनला वेटोळ्यांची सवय लागते. पाण्यावर ती स्प्रिंगसारखी पडते आणि नवशिक्याला वाटतं, आपलाच हात वाईट.

(दृश्य : लाईनच्या खोक्यावरचं लेबल, अगदी जवळून)

‘डब्ल्यूएफ-५-एफ’. डब्ल्यूएफ म्हणजे वजन पुढच्या भागात एकवटलेली. शेवटचा एफ म्हणजे तरंगणारी. आणि मधला ५ हा सगळ्यात महत्त्वाचा. लाईनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन त्यावरून कळतं. ५ नंबरला ते १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम. ४ नंबरला १२० ग्रेन, ६ नंबरला १६०. रॉडवरही असाच आकडा असतो. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. ५च्या रॉडवर ३ची लाईन चढवली तर रॉड वाकतच नाही, आणि न वाकणारा रॉड म्हणजे काठी.

(दृश्य : मुठीच्या वर रॉडवरची अक्षरं – ९ फूट, ५ नंबर, ४ भाग)

पहिल्या रॉडसाठी आमचं उत्तर हे. ९ फूट, ५ नंबर. ओढ्यासारख्या अरुंद पाण्यात ४ नंबर जास्त गोड चालतो, हे मान्य. पण वाऱ्यात आणि थोडी जड माशी लावल्यावर ५ हात देतो. लांबी का, तेही इथेच दिसतं.

(दृश्य : खडकांमधला खळाळ, रॉड उंच धरलेला)

माशी पडली त्या संथ डबक्यात. मध्ये मात्र धार आहे. लाईन तिच्यावर टेकली, तर धार लाईनला ओढेल, लाईन माशीला ओढेल आणि ट्राउटला लगेच कळेल की हे खाणं आपल्या मनाने चाललेलं नाही. म्हणून रॉड उंच, लाईन पाण्याबाहेर. ९ फुटांचा उपयोग लांब झोकायला कमी, याला जास्त.

फार ताठ रॉड घेऊ नका. मध्यम लवचीक घ्या. लाईनचा भार मनगटाला कळतो. चार भागांत सुटणारा घेतला तर एकेक भाग पाऊण मीटरच्या आत बसतो. पुण्या-मुंबईहून रेल्वे, मग घाटातली बस, एवढा प्रवास करणाऱ्याला हे फार महत्त्वाचं. आणि रॉड ग्रॅफाइटचा असतो, त्यातून वीज वाहते. या खोऱ्यात विजेच्या तारा रस्त्याकडेने खाली आलेल्या आहेत. रॉड जोडून रस्त्यावरून मिरवू नका.

(दृश्य : रील, हातावर फिरवताना)

रील. इथल्या ट्राउटसाठी ती म्हणजे लाईन गुंडाळून ठेवायची जागा. साधी, ५ नंबरच्या लाईनला पुरणारी, घसरत नाही एवढं बघा. लाईनच्या खाली २० पौंडी डॅक्रॉनचं बॅकिंग भरा. मासा तिथवर दोरी ओढून नेईल म्हणून नव्हे. त्याने रीळ भरलं की लाईनची वेटोळी मोठी पडतात.

(दृश्य : बोटांत गाठ, ओठांनी ओली करताना)

लाईन आणि माशी यांच्यामध्ये लीडर : ९ फूट, टोकाकडे निमुळता होत जाणारा नायलॉन. 5एक्स मागा, टोकाची जाडी साधारण ०.१५ मिलिमीटर. माशा बदलताना टोक आखूड होत जातं, म्हणून टिपेटचं, म्हणजे टोकाला जोडायच्या त्याच जाडीच्या नायलॉनचं, एक रीळ सोबत. गाठ आवळण्याआधी थुंकी लावायचीच. कोरडी गाठ घासून तापते आणि नायलॉन तिथेच कमजोर होतं.

(दृश्य : डबीत तीन प्रकारच्या माशा)

माशांच्या डब्या विकणारे शंभर प्रकार दाखवतील. सुरुवातीला तीन पुरे. वर तरंगायला अ‍ॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस. पाण्याखाली फेझंट टेल, इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी बांधलेली. तिला दोरा नाहीच. तितराच्या भाईबंद फेझंटच्या शेपटीचे तंतू बारीक तांब्याच्या तारेने गुंडाळायचे. तारेच्या वजनाने ती बुडते. ट्राउट बहुतेक वेळ खालीच चरतो, म्हणून हिची संख्या जास्त ठेवा. गळाचं माप १२ ते १६ नंबर.

(दृश्य : चिमट्याने गळाचा उलटा काटा दाबताना. हा शॉट लांबवायचा)

आणि हे. मासा परत सोडायचा, म्हणून प्रत्येक माशीचा उलटा काटा असा दाबून टाका. चिमटा तर लागणारच असतो. ‘मग मासा सुटेल’ असं म्हणतात. लाईन ताणलेली असली तर क्वचितच सुटतो.

(दृश्य : ओला हात, रबरी जाळीतला मासा, पाण्यात सोडताना. निवेदन थांबवा, नदीचाच आवाज)

जाळी रबराची हवी. सुती जाळी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडते.

(दृश्य : काठावरचा खडक, घसरणारा बूट)

वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरायची जलरोधक विजार, पहिल्या वर्षी राहू द्या. काठावरच्या खडकांवरूनही भरपूर पाणी गाठता येतं. पोलराइज्ड चष्मा मात्र घ्याच. एक तर पाण्याची चकाकी जाऊन मासा दिसतो, आणि मागून सुसाट येणारा गळ डोळ्यात जात नाही. टोपी त्याच कारणासाठी.

मत्स्य विभागाचा परवाना लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी विणीचा काळ म्हणून मासेमारी बंद असते. पावसाळ्यात नदी गढूळ. मार्च ते जून, किंवा मग सप्टेंबर-ऑक्टोबर.

(दृश्य : काठावरची झाडं, फांदीत अडकलेली माशी)

रीलवर वाचलेल्या पैशांतून त्याच तीन माशा पुन्हा घ्या, दुप्पट. पाठीमागची झाडं बघायला पहिल्या दिवशी कोणालाच सुचत नाही.