टाळलेली आठवण

[दृश्य : वाहता रस्ता. मागून ट्रकचा हॉर्न.]

अपघात होऊन वर्ष उलटलेलं असतं. हाड जुळलेलं, जखमेचा व्रण पुसट झालेला. तरीही मागून असा हॉर्न वाजला की हात थरथरतात, छातीत धडधडतं, डिझेलचा वास येतो. घटना आठवत नाही, ती पुन्हा घडते. म्हणून माणूस आधी तो चौक टाळतो, मग गाडी चालवणं, मग घराबाहेर पडणंच.

टाळलं की त्या क्षणी बरं वाटतं. पीटीएसडीची, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे राहणाऱ्या या मानसिक आजाराची मेख नेमकी इथे आहे. धोका केव्हाच टळलाय, हे कळायची संधीच मेंदूला मिळत नाही.

१९१५ साली डॉ. चार्ल्स मायर्स यांनी पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांबद्दल लिहिलं, ते ‘शेल शॉक’, म्हणजे तोफगोळ्यांचा धक्का, या नावाखाली. ‘पीटीएसडी’ हे आजचं निदान मात्र अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या सूचीत आलं थेट १९८० साली. तोवर अनेकांना भित्रं ठरवून झालं होतं.

[दृश्य : दोन खुर्च्या, मध्ये रेकॉर्डर.]

एडना फोआ यांनी विकसित केलेली प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर थेरपी या टाळण्यालाच हात घालते. डोळे मिटायचे आणि तो प्रसंग वर्तमानकाळात सांगायचा : ‘मी चौकात शिरतोय, समोरून उजेड येतोय…’ संपलं की पुन्हा पहिल्यापासून. सत्र बहुधा दीड तासाचं, अशी साधारण ८ ते १५. रेकॉर्डिंग घरी नेऊन ऐकायचं. शिवाय टाळलेल्या जागांची यादी करून, सगळ्यात कमी भीती वाटते तिथून सुरुवात करायची.

ऐकायला हे निर्दयी वाटतं. सुरुवातीला त्रास वाढूही शकतो, आणि काही जण उपचार अर्धवट सोडतात. हे लपवण्यात अर्थ नाही. पण पुन्हा पुन्हा सांगताना भीतीची धार बोथट होत जाते. विसरलेले तपशील जागेवर बसतात. ब्रेक दाबायला वेळच नव्हता, हे त्याला पहिल्यांदाच दिसतं.

‘चूक माझीच’ हा विचार घट्ट रुतून बसलेला असेल, तर पॅट्रिशिया रेसिक यांची कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी आहे. साधारण १२ सत्रं. थेरपिस्ट ‘तुझी चूक नाही’ असं समजावत बसत नाही; पुरावा काय, त्या क्षणी तुला काय ठाऊक होतं, असं विचारत राहतो. उत्तर रुग्णाचं रुग्णानंच शोधायचं.

ईएमडीआर या तिसऱ्या उपचारात आठवण मनात धरून नजर थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागे फिरवायची. फ्रान्सिन शापिरो यांनी १९८९ साली याचा पहिला अभ्यास छापला. उपचारानं गुण येतो, हे मान्य झालंय. डोळे फिरवल्यामुळेच येतो का, यावर संशोधकांचं अजून जमलेलं नाही.

औषधांमध्ये सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन ही नावं पुढे असतात. अनेकांना त्यांचा उपयोग होतो. मात्र चिंता तात्पुरती दाबणाऱ्या बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या पीटीएसडीसाठी देऊ नयेत, असं अनेक मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यांची सवय जडते आणि मूळ दुखणं तसंच राहतं. चालू असलेली गोळी मात्र मनानं, एकदम बंद करायची नाही. एमडीएमए या नशेच्या पदार्थाच्या साहाय्यानं करायच्या थेरपीचा गाजावाजा खूप झाला, पण एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं २०२४ साली तिला मंजुरी नाकारली.

[दृश्य : मदत छावणी, पाण्याची रांग.]

मग घटना घडल्याबरोबरच सगळ्यांना बोलतं करावं का? हा प्रयोगही झालाय. प्रत्येकाला एकाच बैठकीत सगळं सांगायला लावण्यानं पीटीएसडी टळत नाही, आणि काहींचं नुकसान होऊ शकतं, असं दिसून आलं. पहिल्या दिवसांत सुरक्षित जागा, झोप, जेवण, आपली माणसं हवीत. बोलावंसं वाटलं तर ऐकायला कुणीतरी हवं, खोदून विचारायला नको. बहुतेक जण पुढे आपोआप सावरतात. त्रास महिन्याहून जास्त टिकला, तर मात्र तज्ज्ञाकडे जायचं.

तिथे गेल्यावर एक प्रश्न बेधडक विचारावा : ‘आघातासाठीच्या यातल्या कोणत्या थेरपीचं प्रशिक्षण तुम्ही घेतलंय?’ कारण आठवड्याला नुसत्या गप्पा होत राहिल्या, तर ती आठवण तिथेही सहज टाळता येते.