‘हे बिल नाही’

[दृश्य: मॅनहॅटन. उजाडायच्या बेतातला, जवळपास रिकामा रस्ता.]

४ डिसेंबर २०२४. सकाळचे पावणेसात. न्यूयॉर्कच्या हिल्टन मिडटाउन हॉटेलात युनायटेडहेल्थ ग्रुपच्या गुंतवणूकदारांची वार्षिक बैठक भरणार होती. तिकडे चालत निघालेल्या ब्रायन थॉम्प्सन यांच्यावर कुणीतरी मागून गोळ्या झाडल्या. वय ५०, दोन मुलांचे वडील. अमेरिकेतल्या सगळ्यांत मोठ्या आरोग्य विमा कंपनीचे, याच ग्रुपमधल्या युनायटेडहेल्थकेअरचे, प्रमुख. जागेवर सापडलेल्या काडतुसांवर शब्द खरडलेले होते: ‘डिनाय’, ‘डिले’, ‘डिपोझ’; म्हणजे नाकारा, रखडवा, पदावरून खेचा. नाकारा आणि रखडवा, विमा कंपन्यांवरचा हा आरोप अमेरिकेत जुनाच.

लोक हादरले ते पुढच्या प्रकारानं. कंपनीनं फेसबुकवर शोकसंदेश टाकला, तर त्याखाली हजारोंनी हसऱ्या चेहऱ्याचा इमोजी ठेवला. उपचाराआधी विमा कंपनीची मंजुरी घ्यावी लागते, त्यावरून ‘सहानुभूती हवी असेल तर आधी पूर्वपरवानगी काढा’ असले विनोद दिवसभर फिरत राहिले. माणूस मेला होता आणि लोक हसत होते.

पाच दिवसांनी पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूना गावात, मॅकडोनाल्ड्समध्ये बसलेल्या २६ वर्षांच्या लुइजी मँजिओनीला पोलिसांनी ताब्यात घेतलं. बाल्टिमोरच्या सधन घरातला, नामवंत विद्यापीठात शिकलेला मुलगा. त्यानं कोर्टात गुन्हा नाकारला. आणि एक गोष्ट गर्दीत हरवली: तो आमचा विमाधारक नव्हताच, असं कंपनीनं सांगितलं होतं.

[दृश्य: टेबलावर फाडलेलं पाकीट.]

मग हा राग आला कुठून? अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना हे पाकीट चांगलं ओळखीचं आहे. हॉस्पिटलातून घरी येऊन काही आठवडे झाले की ते टपालातून येतं. वर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, ‘हे बिल नाही’. खाली रकाने. हॉस्पिटलनं मागितले किती, कंपनीला मान्य किती, कंपनीनं भरले किती, आणि शेवटी, तुमच्या अंगावर किती. एखाद्या ओळीपुढे बारीक कोड असतो. त्याचा अर्थ शोधायला तळटीप गाठावी, तर तिथे लिहिलेलं सापडतं: वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही. तुमचा डॉक्टर म्हणतो आवश्यक आहे. नाही म्हणणारा कोण? भांडायचं तरी कुणाशी? समोर कुणी माणूसच नसतो.

या व्यवस्थेचा पाया तसा अपघातानंच घातला गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारनं पगारवाढ गोठवली, तेव्हा माणसं टिकवायला मालकांनी विमा देऊ केला. पुढे त्याला करसवलत मिळाली आणि दुखणंखुपणं नोकरीला कायमचं बांधलं गेलं. नोकरी गेली की मालकानं दिलेला विमाही जातो. नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या डोक्यावर तर विमा आणि व्हिसा, दोन्हीची टांगती तलवार.

युनायटेडहेल्थ ग्रुपची २०२३ सालची उलाढाल ३७ हजार कोटी डॉलरच्या वर होती. अमेरिकन सेनेटच्या एका उपसमितीनं ऑक्टोबर २०२४मध्ये, म्हणजे खुनाच्या दीडेक महिना आधी, अहवाल दिला. वृद्धांना हॉस्पिटलातून सुटल्यावर लागणाऱ्या शुश्रूषेसाठी आलेले अर्ज युनायटेडहेल्थकेअर २०२०मध्ये १०.९ टक्के नाकारत होती, २०२२मध्ये २२.७ टक्के. दोन वर्षांत दुपटीहून जास्त. हा अहवाल किती जणांनी वाचला असेल, देव जाणे.

[दृश्य: ऑपरेशन थिएटरचं बंद दार, वरचा लाल दिवा.]

खुनाच्या दुसऱ्याच दिवशी अँथम ब्लू क्रॉस ब्लू शील्ड या दुसऱ्या विमा कंपनीनं एक निर्णय मागे घेतला. शस्त्रक्रिया ठरलेल्या वेळेपेक्षा लांबली, तर जास्तीच्या वेळेचे भुलीचे पैसे द्यायचे नाहीत, असं धोरण काही राज्यांत फेब्रुवारी २०२५पासून येणार होतं. इंटरनेटवर एकच गलका झाला: बघा, गोळी चालली तेव्हा कुठे कंपनी वाकली!

हे ऐकायला जोरकस वाटतं, पण अर्धवट आहे. भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं नोव्हेंबरच्या मध्यालाच त्या धोरणाविरुद्ध जाहीर पत्रक काढलं होतं. कनेक्टिकट राज्याचे कंट्रोलर, म्हणजे हिशेबप्रमुख, आणि न्यूयॉर्कच्या गव्हर्नर कॅथी होकल यांनी कंपनीवर दबाव आणला. त्या वातावरणाचा काहीच परिणाम झाला नाही, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण भांडण उकरून काढलं, कागद वाचले, ते डॉक्टरांनी. श्रेय मात्र पिस्तुलाला.

पिस्तुलानं नक्की काय बदललं, तेही बघा. विमा कंपन्यांनी आपल्या वेबसाइटवरून वरिष्ठ अधिकाऱ्यांचे फोटो आणि नावं उतरवली. सुरक्षारक्षक वाढवले. म्हणजे ज्या कारभाराला आधीच चेहरा नव्हता, तो आणखी आत जाऊन बसला.

अल्टूनातल्या अटकेनंतर पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शपिरो यांनी बजावलं होतं, हा कुणी हीरो नाही. धोरणावरचे मतभेद अमेरिकेत खून करून सोडवत नाहीत. पण त्याच महिन्यात इमर्सन कॉलेजच्या जनमत चाचणीत १८ ते २९ वयाच्या ४१ टक्के मतदारांना हा खून कमी-अधिक प्रमाणात स्वीकारार्ह वाटला. एकूण मतदारांत ६८ टक्के लोक अस्वीकारार्ह म्हणाले, हेही तितकंच खरं. पण त्याची बातमी होत नाही.

चार महिन्यांनी, एप्रिल २०२५मध्ये, शपिरोंचं कुटुंब झोपेत असताना त्यांच्या सरकारी निवासस्थानाला कुणीतरी आग लावली. जूनमध्ये मिनेसोटात डेमोक्रॅटिक पक्षाच्या लोकप्रतिनिधी मेलिसा हॉर्टमन आणि त्यांच्या पतीची घरात हत्या झाली. सप्टेंबरमध्ये युटामध्ये उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क. एका बाजूचा माणूस मेला की दुसरी बाजू दात काढते, आणि पुढच्या वेळी अदलाबदल होते. प्रत्येकाला आपला खुनी समजून घ्यावासा वाटतो. तिकडे मँजिओनीच्या खटल्यासाठी १० लाख डॉलरहून जास्त वर्गणी जमली. इतक्या पैशांत किती पेशंटना वकील मिळाला असता, हा हिशेब कुणी मांडला नाही.

[दृश्य: तेच पाकीट. शेवटचं पान.]

केएफएफ या आरोग्यधोरण संस्थेनं सरकारी वेबसाइटवरच्या विमा बाजारपेठेतून घेतलेल्या विम्यांची २०२३ची आकडेवारी तपासली. कंपनीच्या यादीतल्याच डॉक्टरांकडे झालेल्या उपचारांचेही १९ टक्के दावे नाकारलेले होते. त्यांपैकी एक टक्क्याहून कमी दाव्यांवर अपील झालं. आणि जिथे अपील झालं, तिथे १००पैकी ४४ वेळा कंपनीला आपला निर्णय फिरवावा लागला. अपिलाला १८० दिवस मिळतात. कंपनीनं तरीही नाही म्हटलं, तर बऱ्याच प्रकरणांत बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञाकडे जाता येतं आणि त्याचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. २०१०च्या आरोग्य कायद्यानं दिलेला हा हक्क आहे. कसं जायचं, ते नकाराच्या पत्रातच लिहिलेलं असतं. बारीक टायपात.