बंपरमागचं रडार

(सोलापुरातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘गाडीच्या शॉर्ट-रेंज रडारची रचना’. म्हणजे चिप, अँटेना, सिग्नल प्रोसेसिंग. ते सांगतोच. पण आधी बंपर. रडारचा विषय निघाला की चिपचं कौतुक होतं. तिच्या पुढ्यातल्या तीन मिलिमीटर प्लास्टिकला कुणी विचारत नाही. माझं म्हणणं उलटं आहे: रचना बंपरपासून सुरू करा, चिप मागाहून निवडा. कॅमशाफ्ट घडवणाऱ्या गावात मायक्रॉनचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळे इथे बोलायला हुरूप येतो.

पूर्वी गाडीच्या कोपऱ्यांत बंपरमागे बसणारी ही जवळच्या पल्ल्याची रडारं मुख्यतः २४ गिगाहर्ट्झवर चालायची. वेव्हलेंथ, म्हणजे लहरीची लांबी, साडेबारा मिलिमीटर, बंपरची फारशी कटकट नव्हती. पण तिथला नॅरोबँड पट्टा, म्हणजे वापरायला मिळणारी बँडविड्थ, २५० मेगाहर्ट्झचा. प्रकाशाच्या वेगाला बँडविड्थच्या दुपटीने भागा, ६० सेंटीमीटर येतात. हे रिझोल्यूशन: अंतरात याहून कमी फरक असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दिसत नाहीत. भिंत आणि भिंतीला खेटून लावलेली मोटारसायकल रडारला एकच. ७७ ते ८१ गिगाहर्ट्झमध्ये चार गिगाहर्ट्झ मिळतात, तोच आकडा पावणेचार सेंटीमीटरवर येतो. सगळे खूश. फक्त वेव्हलेंथ ३.९ मिलिमीटरवर आली आणि बंपर रडारचा भाग होऊन बसला.

हिशोब सोपा आहे. बंपरचं पॉलिप्रॉपिलीन घ्या, डायइलेक्ट्रिक स्थिरांक (लहर आत किती आखडते ते ठरवणारा आकडा) साधारण २.३. प्लास्टिकच्या आत वेव्हलेंथ सुमारे २.५५ मिलिमीटर होते. जाडी अर्ध्या वेव्हलेंथच्या पटीत असली, म्हणजे २.५५ किंवा ३.८, तर पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात. ३.२ जाडी ठेवलीत तर त्याच लहरी एकमेकींना जोर देतात आणि सुमारे पंधरा टक्के शक्ती मागे फिरते. चांगलं आणि वाईट यांत फरक साडेसहाशे मायक्रॉनचा! आणि मोल्डवाला सांगतो, ‘साहेब, तीनच्या आसपास धरा.’

पंधरा टक्के गेले तर गेले, असं वाटेल. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. परतलेली लहर सेन्सरच्या तोंडावर आपटते, तिथून बंपरवर, पुन्हा सेन्सरवर. वेगवेगळ्या अँटेनांवर पोचणाऱ्या लहरींच्या फेजचा, म्हणजे चढउतारांचा, मेळ बिघडतो आणि वस्तूचा कोन चुकतो. शेजारच्या लेनमधली गाडी आपल्या लेनमध्ये दिसायला लागते. म्हणून सेन्सर बंपरला समांतर न बसवता थोडा तिरका बसवतात. परतलेली लहर बाजूला जाते. ब्रॅकेट काढणाऱ्याला हे आधी सांगा. त्याला सगळं सरळ रेषेत आवडतं.

आता रंग. साधा पांढरा निमूटपणे वागतो. मेटॅलिक चंदेरीत ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात, त्यामुळे थर मायक्रॉनमध्ये मोजण्याइतका असूनही रडारला जाड भासतो. कारखान्यात हे धरून जाडी ठरवलेली असते. मग गाडीला मागून कुणीतरी ठोकतं. गॅरेजमध्ये कडक भाकरीच्या जाडीची पुट्टी, वर प्राइमर, वर मेटॅलिकचे दोन हात जास्त, कारण शेड जुळत नाही. डोळ्याला काम झकास! रडारला मात्र समजा एका दिशेने तीन डेसिबलचा फटका बसला, म्हणजे शक्ती निम्मी झाली. जाताना तीन, येताना तीन, एकूण सहा. परतणारी शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटत असल्याने पल्ला सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. वीस मीटरवर दिसणारी मोटारसायकल चौदावर दिसते. मालक तक्रार करतो, सेन्सर बदलला जातो, नवा सेन्सरही तेच सांगतो. तेव्हा बिल कुणी भरायचं यावर भांडण. कित्येक गाड्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकेत रडारसमोरच्या भागाला पुट्टी लावू नका असं स्पष्ट असतं. ते पान गॅरेजच्या भिंतीवर लावलेलं दिसत नाही. तिथे कॅलेंडर असतं.

पडताळा घ्यायला महागडी लॅब लागत नाही. पत्र्याचे तीन काटकोनी त्रिकोण एकमेकांना बरोबर काटकोनात जोडून कॉर्नर रिफ्लेक्टर करा. काटकोनाच्या बाजू पाच सेंटीमीटर ठेवल्यात तर त्याचा रडार-छेद (रडारला तो केवढा दिसतो ते माप) ७७ गिगाहर्ट्झला सुमारे १.७ चौरस मीटर भरतो. मोकळ्या मैदानात मोजा, एकदा बंपर काढून, एकदा लावून. दोन वाचनांतला फरक हाच दोन्ही दिशांचा एकत्रित तोटा. मग बंपर ओला करून पुन्हा मोजा. पाण्याचा सलग पापुद्रा थेंबांपेक्षा वाईट. एक मिलिमीटर पाणी एका दिशेने वीस डेसिबलहून जास्त खातं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. बरं, चिप.

चर्प, म्हणजे फ्रिक्वेन्सी चढत जाणारा सिग्नल: ४० मायक्रोसेकंदांत एक गिगाहर्ट्झ चढवा. रिझोल्यूशन १५ सेंटीमीटर, तीस मीटरवरच्या वस्तूची बीट फ्रिक्वेन्सी (सोडलेल्या आणि परतलेल्या सिग्नलमधला फरक) पाच मेगाहर्ट्झ. एडीसी, म्हणजे सिग्नलचे आकडे करणारा भाग, त्या हिशोबाने घ्या. विश्रांतीसकट चर्प ५० मायक्रोसेकंदांचा धरला तर वेग ताशी सत्तर किलोमीटरपर्यंत निःसंदिग्ध; त्यापुढे एक वेग दुसऱ्यासारखा भासतो. हायवेवर सापेक्ष वेग याहून जास्त होतो, तेव्हा दोन वेगळ्या कालावधींचे चर्प आलटून पालटून सोडा.

अँटेना: तीन ट्रान्समीटर, चार रिसीव्हर, प्रत्येक जोडी एक धरून मिळून बारा आभासी अँटेना. कोनाचं रिझोल्यूशन साडेनऊ अंश, वीस मीटरवर सव्वातीन मीटर. म्हणजे होटगी रोडवर सारख्याच अंतरावर, सारख्याच वेगाने शेजारी चाललेल्या दोन मोटारसायकली एकच दिसतील. उसाच्या ट्रॉलीचं वेगळं सांगत नाही.

बोर्ड: अँटेनाच्या थराला एफआर-४ (सर्किट बोर्डाचं नेहमीचं फायबरग्लास) चालत नाही, लॉस फार, टेफ्लॉन जातीचं लॅमिनेट घ्या. वर निकेल-सोन्याचा मुलामा नको, निकेल सिग्नल खातं. इमर्शन सिल्व्हर, म्हणजे चांदीचा पातळ मुलामा, सांगा. डायइलेक्ट्रिक स्थिरांक तीन असलेल्या लॅमिनेटवर पॅच अँटेनाची (बोर्डावरच्या तांब्याच्या चौकोनाची) लांबी जेमतेम १.१ मिलिमीटर. एचिंगमध्ये, म्हणजे तांबं कोरताना, २५ मायक्रॉन चुकले की अँटेना पावणेदोन गिगाहर्ट्झ सरकते. तेव्हा बोर्ड बनवणाऱ्या पीसीबीवाल्याला दराआधी टॉलरन्स विचारा.

अध्यक्ष उभे राहिलेत. प्रश्न चहाबरोबर घेऊ.