मांडीवरची गिटार

मित्रहो, आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे त्या वॉल्टर स्मिथ या बँडमास्तर आणि संगीतशिक्षकांचं नाव इंग्रजी असलं तरी माणूस माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांपैकी. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, पूर्व किनाऱ्याला नुहाका नावाचं गाव आहे. तिथे १८८३ साली त्यांचा जन्म झाला. त्या भागात मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाचा चांगला जम बसला होता. त्याच ओळखीपाळखीतून ते कोवळ्या वयात अमेरिकेत, मॉर्मनांचं केंद्र असलेल्या युटा राज्यात गेले. बॅन्जो, मॅन्डोलिन, गिटार ही वाद्यं त्यांनी तिथेच हाताखाली घातली.

आता ही मांडीवरची गिटार बघा. ही आडवी का? हवाईमधल्या ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकू यांनी शाळकरी वयात तारांवर पोलादाचा तुकडा सरकवून पाहिला, त्यातून ही निघाली. आपण हिला हवाइयन गिटार म्हणतो. हजारासिंग, व्हॅन शिपली यांनी वाजवलेल्या सिनेमातल्या गाण्यांच्या धून आठवतात ना? तेच हे वाद्य. तारा फ्रेटपासून, म्हणजे गिटारीच्या दांड्यावरच्या आडव्या पट्ट्यांपासून, उंच उचललेल्या, आणि नुसत्या छेडल्या तरी मेजर कॉर्ड, म्हणजे जुळणाऱ्या सुरांचा एक मेळ, वाजेल अशा लावलेल्या. डाव्या हाताची बोटं तारा दाबत नाहीत, हा जड बार तेवढा वरून सरकतो. म्हणून तर मींड इतकी गुळगुळीत येते.

१९१३ मध्ये स्मिथ मायदेशी परतले. हेस्टिंग्जजवळ मॉर्मनांचं माओरी ॲग्रिकल्चरल कॉलेज त्याच वर्षी सुरू झालं होतं. शेती शिकायला आलेल्या माओरी मुलांना तिथे ते संगीत शिकवू लागले. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. १९३१ च्या हॉक्स बे भूकंपानंतर ते कॉलेज उरलंच नाही. स्मिथ पुढे ऑकलंडला गेले. ‘बिनीथ द माओरी मून’ हे त्यांचं गाणं १९२२ चं. जॅझ तिथे नवं होतं, नाचघरं भरत होती. त्यांनी बँड चालवले आणि त्याच्या जोडीला गिटार, बॅन्जो, युकुलेलेच्या शिकवण्या घेतल्या. १९६० साली ते गेले.

बँडमास्तर म्हणून ते मोठे होतेच. पण माझा जीव गुंततो तो त्यांच्या शिकवण्यांत, कारण मीही हेच वाद्य शिकवतो. नवा मुलगा बार सरळ ठेवतो आणि पहिल्याच दिवशी अख्खी कॉर्ड वाजते. केवढा हरखतो! दुसऱ्या दिवसापासून खरी परीक्षा. साध्या गिटारीत बोट फ्रेटच्या जरा मागे पडलं तरी सूर शाबूत राहतो, तिथे फ्रेट सांभाळून घेतो. इथे बार नेमका फ्रेटच्या डोक्यावरच हवा. डोळा फसतो, शेवटी कानच लागतो. हा कान मुलांमध्ये तयार करायचा, तोही मूल बदलेल तसा नव्याने, रोज. त्यांनी अशी किती वर्षं काढली असतील!

आता मी बाराव्या फ्रेटवर बार ठेवतो. आधी मुद्दाम केसभर अलीकडे. ऐकलंत? आणि आता बरोबर वर.