कोरलच्या फ्रॅगसाठी वेगळा टँक कसा लावायचा

(टेबलावर रिकामा टँक)

नमस्कार मंडळी. हा टँक बघा. लांबी ९०, रुंदी ४५ आणि उंची फक्त ३० सेंटिमीटर. माशांसाठी कोणी असा बुटका टँक घेणार नाही. पण कोरलचे तुकडे, म्हणजे फ्रॅग, वाढवायचे तर हाच आकार हवा. पाणी उथळ असलं की साधा लाइटही तळापर्यंत पुरतो आणि प्लग (फ्रॅग चिकटवायची छोटी चकती) उचलायला खांद्यापर्यंत हात बुडवावा लागत नाही. काठोकाठ १२१ लिटर बसतं. वर थोडी जागा सोडून १०० धरा.

आता, घरात आधीच रीफ टँक (कोरलचा खाऱ्या पाण्याचा टँक) चालू असेल तर हा त्याच्याच सम्पला, म्हणजे फिल्टरच्या टाकीला, जोडलेला बरा. पाणी जास्त, म्हणून चढउतार कमी. स्वतंत्र ठेवायचं खरं कारण एकच: बाहेरून आलेल्या फ्रॅगबरोबर येणारे पाहुणे. चपटे किडे, झोअँथिड (गुच्छाने वाढणारं मऊ कोरल) खाणाऱ्या न्यूडिब्रँक (बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी), एप्टेशिया (झपाट्याने पसरणारं उपद्रवी अ‍ॅनिमोन). हे एकदा सम्पमधून मोठ्या टँकमध्ये गेले की निस्तरता निस्तरत नाहीत. आज आपण स्वतंत्रच लावतोय.

पाण्यात सगळ्यात जास्त लोक चुकतात. किचनमधल्या आरओचं पाणी इथे चालत नाही. चव राहावी म्हणून बऱ्याच मशिनांत थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं किंवा वरून खनिजं घातलेली असतात. आपल्याला टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणारा) शून्य हवं, म्हणजे मेंब्रेनच्या पुढे उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा फिल्टर हवाच. आणि कृपा करून जुहूवरून कॅन भरून आणू नका. १०० लिटरला साधारण पावणेचार किलो रीफ सॉल्ट लागतं. वेगळ्या ड्रममध्ये पंप लावून रात्रभर फिरवा आणि खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) आलं की मगच टँकमध्ये ओता.

तापमान २५ ते २६ अंश. वरून पंखा मारला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. पुण्यातल्या कोरड्या एप्रिलमध्ये हा उपाय छान चालतो, मुंबईच्या दमट हवेत पंखा नुसताच फिरतो. तिथे चिलरचा खर्च धरूनच चाला. पंख्याचा दुसरा हिशेबही बघा. दिवसाला ३ लिटर पाणी उडालं, तर मीठ मागेच राहतं आणि ३५ चे ३६ होतात. म्हणून ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) लावा, आणि त्याच्या डब्यात गोडं डीआय पाणी. खारं भरलं तर खारेपणा रोज चढत जातो.

(जाळीचा क्लोज-अप)

तळाला वाळू नाही. काच उघडी असली की घाण दिसते आणि नळीने ओढता येते. रॅक म्हणून ही फॉल्स सीलिंगच्या लाइटची पांढरी चौकोनी प्लॅस्टिक जाळी, खाली पीव्हीसी पाइपचे ८-१० सेंटिमीटरचे पाय. चंदेरी मुलामा असलेली जाळी घेऊ नका. तासाला ३,००० ते ४,००० लिटर फिरवणारा वेव्हमेकर समोरच्या काचेवर आपटेल असा लावा, थेट फ्रॅगवर नको. तो इन्व्हर्टरवरच हवा. वीज गेल्यावर अंधार चालतो, थांबलेलं पाणी चालत नाही.

चालू टँकमधला बायो-मीडिया (जिवाणू बसलेले सच्छिद्र तुकडे) मिळाला तर उत्तम. नाहीतर २ पीपीएम अमोनिया घालून सायकल करा, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढू द्या. तेवढा अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य, इथवर यायला चार ते सहा आठवडे जातात. मग आधी चार-पाच ट्रोकस गोगलगायी सोडा, कोरल नंतर. हर्मिट क्रॅब नको, तो प्लग पाडतो.

एक गोष्ट उलटी वाटेल: पाणी फार स्वच्छ नको. मासा नाही, खाणं नाही, नायट्रेट-फॉस्फेट शून्य, अशा टँकमध्ये डायनोफ्लॅजेलेट (शेवाळासारखे सूक्ष्म जीव) माजतात. बुडबुडे अडकलेला तपकिरी शेंबूड दिसला की ओळखा. नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ठेवा. एखादा छोटा मासा हे काम करतो.

भारतात असाल तर कोणतं कोरल, हाही प्रश्न आहे. दगडी कोरल आणि सी फॅन यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मालवणला डुबकी मारून तुकडा आणणं गुन्हा आहे. सुरुवात झोअँथिड, मशरूम, लेदर या दगडी सांगाडा नसलेल्या कोरलांनी करा.

(हातमोजे, गॉगल)

झोअँथिड कापताना हे दोन्ही घालायचेच. त्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं. डोळ्यात चिळकांडी गेली तर दवाखाना ठरलेला. झोअँथिडचा दगड उकळायचा नाही, गरम पाण्याखाली घासायचाही नाही. वाफेतून विष श्वासात जातं. स्काल्पेलने दोन पॉलिपांमधली (फुलासारख्या तोंडांमधली) चटई कापा, बूड टिश्यूने टिपा, प्लगवर सायनोअॅक्रिलेट जेलचा (सुपरग्लूचा) वाटाण्याएवढा थेंब, दाबा, १५-२० सेकंद धरा आणि पाण्यात. ओलाव्याने जेल आवळतं.

मशरूमला जेल धरतच नाही, चिकट स्राव सुटतो. तुकडे दगडाच्या चुऱ्यासोबत छोट्या डब्यात ठेवून वर जाळी बांधा. एक-दोन आठवड्यांत आपोआप चिकटतात. लेदर कापल्यावर पाण्यात रसायनं सोडतं, म्हणून त्या आठवड्यात अॅक्टिव्हेटेड कार्बन चालू.

बाहेरून आलेला फ्रॅग डिपमध्ये (किडे मारणाऱ्या द्रावणात) बुडवला तरी किड्यांची अंडी मरत नाहीत. जुना प्लग फेकून नवीन लावा आणि आठवड्याने पुन्हा डिप.

नव्या तुकड्याला लाइट ७५ ते १०० पारच्या (कोरलला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) आसपास. झटपट वाढ हवी म्हणून पहिल्याच दिवशी पूर्ण लाइट दिला की तुकडा पांढरा पडतो आणि मोकळ्या प्लगवर शेवाळ चढतं. आठवड्याला १० लिटर पाणी बदला आणि तिसऱ्या आठवड्यात भिंगातून प्लग बघा. मांस जेलच्या कडेवरून खाली उतरलेलं दिसलं, तर लाइट थोडा वाढवा. नसेल, तर हात लावू नका, अजून एक आठवडा द्या.